सी.ए.च्या अर्ध्या वाटेवर: मार्ग बदलताना काय सोबत येते, काय मागे राहते?

१ जुलै ही तारीख वाशिमकरांच्या दृष्टीने दुहेरी महत्त्वाची आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. देशभरातील सनदी लेखापालही हाच दिवस आपला दिवस म्हणून साजरा करतात. कारण इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया, म्हणजेच 'आयसीएआय' या संस्थेची स्थापना १ जुलै १९४९ची. योगायोग असा, की सी.ए. अभ्यासक्रमाची नवी योजना लागू झाली तीही १ जुलै २०२३ रोजी. या योजनेने अभ्यासक्रमाचा आराखडा बदलला आणि त्याबरोबरच 'मध्येच सोडून दुसरीकडे वळावे का?' या जुन्या प्रश्नाचे उत्तरही बदलले.

हा प्रश्न वाशिम, कारंजा, रिसोड किंवा मंगरुळपीर येथील अनेक घरांत विचारला जातो. बारावी वाणिज्य शाखेत चांगले गुण मिळाले, मुलाने किंवा मुलीने सी.ए.ची नोंदणी केली, शिकवणीसाठी अकोला, नागपूर वा पुणे गाठले. फाउंडेशन सुटली, पण इंटरमीजिएटच्या दोन-तीन प्रयत्नांत यश आले नाही. अशा वेळी कोणी सांगते, 'सी.एम.ए. करून टाक, सोपे आहे.' कोणी सी.एस. सुचवते, तर शिकवणीवर्गाची जाहिरात 'एसीसीए'कडे बोट दाखवते. वडिलांच्या दुकानाची वा शेतीची मिळकत, खोलीभाडे आणि हातातून निसटणारी वर्षे यांचा हिशेब मात्र कुटुंबालाच मांडावा लागतो. तो मांडताना सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे, आतापर्यंतच्या कष्टांपैकी नव्या वाटेवर नेमके काय ग्राह्य धरले जाते?

तीन संस्था, तीन कायदे

आपल्याकडे लेखा व कंपनी व्यवहार क्षेत्रातील तीन प्रमुख व्यावसायिक पात्रता तीन वेगळ्या कायद्यांखाली दिल्या जातात. सी.ए.साठी १९४९चा चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा, परिव्यय लेखापालांसाठी १९५९चा कॉस्ट अँड वर्क्स अकाउंटंट्स कायदा आणि कंपनी सचिवांसाठी १९८०चा कंपनी सेक्रेटरीज कायदा. ज्या पात्रतेला मागची पिढी 'आयसीडब्ल्यूए' म्हणून ओळखते, तीच आज सी.एम.ए. होय, २०१२मध्ये त्या संस्थेचे नाव इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडिया असे झाले.

कायदे वेगळे असल्यामुळे अधिकारही वेगळे आहेत. कंपन्यांचे वैधानिक लेखापरीक्षण केवळ सी.ए. करू शकतो. आयकर कायद्याखालील करलेखापरीक्षणाचा अहवालही त्याच्याच स्वाक्षरीने जातो. १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेल्या आयकर कायदा २०२५मध्येही 'लेखापाल' या व्याख्येत परिव्यय लेखापालांचा समावेश व्हावा, अशी त्यांच्या संस्थेची मागणी होती. ती मान्य झाली नाही. याउलट, कंपनी कायदा २०१३च्या कलम १४८खालील परिव्यय लेखापरीक्षण फक्त परिव्यय लेखापालालाच करता येते, तर कलम २०४खालील सचिवीय लेखापरीक्षण फक्त व्यवसाय करणाऱ्या कंपनी सचिवाला.

म्हणूनच 'सी.ए. जमले नाही म्हणून सी.एम.ए.' हे समीकरण अपुरे आहे. दोन्ही अभ्यासक्रमांत ताळेबंद आहे, कर आहे, कायदा आहे. पण अंतिमतः हातात येणारा अधिकार भिन्न आहे. मार्ग बदलणाऱ्याने प्रथम हे ठरवावे लागते, की आपल्याला गावात स्वतःचे कार्यालय थाटायचे आहे, की कंपनीत नोकरी करायची आहे?

वाशिमच्या संदर्भात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. सोयाबीन, तूर व कापूस यांचा व्यापार, डाळमिल, जिनिंग, पतसंस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि किरकोळ व्यापारी हे येथील लेखाविषयक कामाचे मुख्य आधार. या कामात करविवरणपत्रे, वस्तू व सेवा कर आणि लेखापरीक्षण यांचा वाटा मोठा असतो. परिव्यय लेखापरीक्षण ठरावीक उद्योगांतील, ठरावीक उलाढालीच्या पुढच्या कंपन्यांनाच लागू होते. त्यामुळे सी.एम.ए. झालेल्या तरुणाला बहुधा नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे या औद्योगिक शहरांकडे किंवा सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांकडे पाहावे लागते. शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पारसचे औष्णिक वीज केंद्र किंवा नागपुरात मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स ही विदर्भातील अशा उद्योगांची उदाहरणे. सार्वजनिक उपक्रमांच्या वित्त विभागातील भरतीत सी.ए. आणि सी.एम.ए. या दोन्ही पात्रता सामान्यतः समकक्ष मानल्या जातात. नोकरीचे ध्येय असणाऱ्यासाठी ही बाब निर्णायक ठरू शकते.

पहिला टप्पा: फाउंडेशन

सी.ए. फाउंडेशनमध्ये चार पेपर असतात. २०२४पासून फाउंडेशन व इंटरमीजिएट या परीक्षा वर्षातून तीनदा घेतल्या जाऊ लागल्या. नव्या योजनेत फाउंडेशनची नोंदणी चार वर्षांसाठी वैध असते. म्हणजे प्रयत्नांची संख्या वाढली असली, तरी मुदत अनंत नाही.

या टप्प्यावर अडलेल्या विद्यार्थ्याचे नुकसान सर्वांत कमी असते आणि त्याच्यापुढे एक दार उघडे असते, ते म्हणजे पदवी. वाणिज्य पदवीला किमान ५५ टक्के किंवा अन्य शाखेच्या पदवीला किमान ६० टक्के गुण असल्यास फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो. सी.एम.ए.च्या इंटरमीजिएटलाही पदवीधरांना थेट प्रवेश आहे. त्यामुळे फाउंडेशनच्या तयारीसाठी महाविद्यालय सोडून देणे हा या टप्प्यावरचा सर्वांत महाग निर्णय ठरतो. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात बी.कॉम. सुरू ठेवणे शक्य नसेल, तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांचा पर्याय आहे. पदवी हाती असेल तर तिन्ही संस्थांची दारे, शिवाय बँका आणि स्पर्धा परीक्षा यांचे मार्ग खुले राहतात.

दुसरा टप्पा: इंटरमीजिएट

सर्वाधिक विद्यार्थी अडतात आणि वाट बदलण्याचा विचार करतात ते येथे. सी.ए. इंटरमीजिएटमध्ये प्रत्येकी तीन पेपरांचे दोन गट आहेत. प्रत्येक पेपरात किमान ४० आणि गटात एकूण किमान ५० टक्के गुण लागतात. गट अनुत्तीर्ण झाला तरी ज्या पेपरात ६० किंवा अधिक गुण मिळाले असतील, त्यातून पुढील तीन प्रयत्नांसाठी सूट मिळते.

येथेच एक मोठा गैरसमज आढळतो. एक गट सुटला आहे किंवा दोन पेपरांत सूट आहे, म्हणजे ते पेपर सी.एम.ए.मध्येही सुटतील, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. एका संस्थेतील गटाचे यश किंवा पेपरची सूट त्याच संस्थेच्या परीक्षेपुरती असते. सी.ए. इंटरमीजिएटचे दोन्ही गट उत्तीर्ण झालेल्याला सी.एम.ए.च्या इंटरमीजिएटमध्ये थेट प्रवेश मिळतो, म्हणजेच तेथील फाउंडेशन टळते; पण तेथील इंटरमीजिएटचे आठ पेपर समोर उभे राहतात. एकच गट उत्तीर्ण झालेल्याला तर त्या गटाच्या आधारे हा प्रवेशही मिळत नाही. पदवी असेल तर पदवीच्या आधारेच तो मिळवावा लागतो.

उलट दिशेनेही नियम असाच आहे. सी.एम.ए. किंवा सी.एस. यांचा मधला टप्पा उत्तीर्ण झालेल्यांना सी.ए. फाउंडेशनमधून सूट आहे. त्यापलीकडे सी.ए. इंटरमीजिएटच्या सहा पेपरांपैकी एकाही पेपराची सवलत नाही.

अर्थात, प्रमाणपत्रावर जे दिसत नाही ते डोक्यात असते. सी.ए. इंटरमीजिएटमधील प्रगत लेखांकन, कंपनी व इतर कायदे, करप्रणाली, परिव्यय व व्यवस्थापन लेखांकन, लेखापरीक्षण, वित्तीय व्यवस्थापन हे सर्व विषय सी.एम.ए. इंटरमीजिएटच्या आठ पेपरांत वेगळ्या मांडणीने भेटतात. नव्याने वाचावे लागते ते प्रामुख्याने उत्पादन व्यवस्थापन आणि माहिती विश्लेषण यांसारखे भाग. म्हणजे कागदोपत्री शून्यातून सुरुवात असली, तरी अभ्यासात ती शून्यातून नसते. इंटरमीजिएटवर अडलेल्यांपैकी ज्याचे लेखांकन व कर हे विषय पक्के आहेत आणि केवळ एखादा पेपर वारंवार दगा देतो आहे, त्याला हा बदल मानवू शकतो. ज्याचा पायाच कच्चा आहे, त्याला नव्या संस्थेतही तेच विषय त्याच अडचणीसह भेटतील. 'सोपे आहे' या सल्ल्यातील दोष हाच, की त्यात विद्यार्थी नेमका कशात अडला आहे याचा विचार नसतो.

भाषेचा मुद्दाही येथे ध्यानात घ्यावा लागतो. सी.ए.ची परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीतून देता येते. मराठीचा पर्याय नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला कायदा आणि लेखापरीक्षण या लेखी मांडणीच्या विषयांत कमी गुण पडत असतील, तर अडचण विषयाची आहे की भाषेची, हे वाट बदलण्यापूर्वी तपासणे अगत्याचे. भाषेचीच अडचण असेल, तर ती सी.एस.सारख्या कायदाप्रधान अभ्यासक्रमात वाढण्याचीच शक्यता अधिक.

तिसरा टप्पा: आर्टिकलशिप

जुन्या योजनेत अनेक विद्यार्थी इंटरमीजिएटचा एक गट उत्तीर्ण होऊन आर्टिकलशिप सुरू करीत. दुसरा गट राहून जाई आणि तीन वर्षांचे प्रशिक्षण संपले तरी परीक्षा बाकी, अशी स्थिती होई. २०२३च्या योजनेने हे चित्र बदलले. आता इंटरमीजिएटचे दोन्ही गट उत्तीर्ण झाल्याखेरीज प्रशिक्षण सुरू होत नाही आणि त्याचा कालावधी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला आहे. प्रशिक्षणानंतर सहा महिने अभ्यासासाठी ठेवून फायनल परीक्षा द्यावयाची असते.

या काळात मार्ग बदलणाऱ्याने दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, सी.ए.चे प्रशिक्षण हे व्यवसायात असलेल्या सी.ए.कडे नोंदणीकृत करारानुसारच व्हावे लागते. सी.एम.ए. वा सी.एस.साठी अन्यत्र केलेले काम सी.ए.च्या आर्टिकलशिपमध्ये धरले जात नाही. सी.एम.ए.ला स्वतःचे पंधरा महिन्यांचे आणि सी.एस.ला एकवीस महिन्यांचे प्रशिक्षण आहे, सी.ए.च्या कार्यालयात घालवलेले महिने तेथे कितपत ग्राह्य धरले जातील, याची त्या त्या संस्थेकडून लेखी खात्री करून घेतल्याशिवाय पाऊल उचलू नये.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. अनेक विद्यार्थी नाराजीने किंवा घरच्या अडचणीमुळे कार्यालयात जाणे एकाएकी बंद करतात. पण आर्टिकलशिप हा करार आहे. तो रीतसर संपुष्टात आणण्यासाठी संस्थेचा फॉर्म १०९ भरून त्यावर मार्गदर्शक सी.ए.ची संमती घ्यावी लागते. ही नोंद नीट झाली, तर पुढे पुन्हा सी.ए.कडे परतायचे ठरल्यास पूर्ण केलेल्या काळाचा दावा करता येतो. नोंद न करता निघून गेल्यास परतीचा मार्ग अवघड होतो.

काही विद्यार्थी सी.ए. न सोडता सोबत दुसरा अभ्यासक्रम करू इच्छितात. आर्टिकलशिपच्या काळात त्यासाठी फॉर्म ११२द्वारे संस्थेची परवानगी घ्यावी लागते. ती न घेता दुसरीकडे प्रवेश घेणे म्हणजे प्रशिक्षणाचा काळच धोक्यात घालणे होय.

लहान गावातील विद्यार्थ्यासाठी येथे आर्थिक बाजूही आहे. आर्टिकलशिपचे किमान मानधन शहराच्या लोकसंख्येनुसार ठरते. त्यामुळे वाशिमसारख्या शहरात ते मुंबई-पुण्यापेक्षा कमी असते. दुसरीकडे खोलीभाडे व खानावळीचा खर्च वाचतो, आणि लहान कार्यालयात हिशेब लिहिण्यापासून विवरणपत्र भरण्यापर्यंतचे सर्व काम हाताखालून जाते. मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षणाचा अनुभव मात्र तेथे मिळणे कठीण. ही तुलना वाट बदलण्याआधी करावी. कारण काही वेळा विद्यार्थ्याला अभ्यासक्रम बदलण्याची नव्हे, तर कार्यालय बदलण्याची गरज असते.

चौथा टप्पा: फायनल

आर्टिकलशिप झाली, पण फायनल सुटत नाही, अशा विद्यार्थ्यांची कोंडी सर्वांत मोठी. वय पंचविशीच्या पुढे गेलेले, सोबतचे मित्र नोकरीला लागलेले आणि घरी लग्नाचा विषय निघालेला. २०२५पासून फायनलही वर्षातून तीनदा देता येऊ लागली आणि नव्या योजनेत फायनलची नोंदणी दहा वर्षे वैध असते. त्यामुळे नोकरी करीत प्रयत्न सुरू ठेवणे पूर्वीपेक्षा शक्य झाले आहे. नव्या योजनेत इंटरमीजिएट व प्रशिक्षण पूर्ण करून काही अन्य अटी पाळणाऱ्या, पण फायनल न होऊ शकलेल्या विद्यार्थ्यांसाठी 'बिझनेस अकाउंटिंग असोसिएट' या प्रमाणपत्राची तरतूदही आहे. हे प्रमाणपत्र लेखापरीक्षणाचा अधिकार देत नाही. पण इतक्या वर्षांच्या शिक्षणाला कागदावर एक नाव देते.

या टप्प्यावरून सी.एम.ए.कडे वळणाऱ्याला तेथील इंटरमीजिएटपासून सुरुवात करावी लागते: इंटरमीजिएटचे आठ आणि फायनलचे आठ असे सोळा पेपर. त्याउलट सी.ए. फायनलचे पेपर सहा. केवळ थकव्यापोटी सहा पेपरांकडून सोळा पेपरांकडे वळणे कितपत शहाणपणाचे, याचा विचार शांतपणे व्हावा. ज्याला उद्योगातील परिव्यय व व्यवस्थापन लेखांकनाची खरोखर आवड आहे, त्याची गोष्ट वेगळी.

परदेशी पात्रतांचे आकर्षण

अलीकडे ब्रिटनच्या 'एसीसीए' आणि अमेरिकेच्या 'सीपीए' या पात्रतांच्या जाहिराती लहान शहरांपर्यंत पोहोचल्या आहेत. एसीसीएच्या तेरा पेपरांपैकी सी.ए. पूर्ण केलेल्याला नऊ पेपरांची सूट मिळते, अर्धवट सी.ए. असणाऱ्याला त्याहून कमी. शुल्क पौंडांत भरावे लागते, म्हणून रुपयाचा दर हाही खर्चाचा भाग ठरतो. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या पुणे, बंगळुरू, हैदराबाद येथील कार्यालयांत या पात्रतांना मागणी असते. मात्र त्यांच्या बळावर भारतात कंपनीच्या लेखापरीक्षण अहवालावर स्वाक्षरी करता येत नाही.

एका नामसाधर्म्याबाबतही पालकांनी सावध असावे. 'सी.एम.ए.' या नावाची एक पात्रता अमेरिकेतील संस्थाही देते. ती दोन भागांची परीक्षा असून भारतीय सी.एम.ए.पेक्षा सर्वस्वी वेगळी आहे; तिच्यामुळे भारतातील परिव्यय लेखापरीक्षणाचा अधिकार मिळत नाही. शिकवणीवर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी 'कोणते सी.एम.ए.?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

घराजवळचा पर्याय

या चर्चेत क्वचितच ज्याचे नाव येते, असा एक पर्याय महाराष्ट्रातच आहे. राज्याच्या सहकार खात्यामार्फत घेतली जाणारी 'शासकीय सहकार व लेखा पदविका', म्हणजेच जी.डी.सी. अँड ए. परीक्षा. पदवीधरांना ती देता येते आणि उत्तरे मराठीतून लिहिता येतात. लेखाशास्त्र, लेखापरीक्षण, सहकारी कायदा, सहकारी बँकिंग असे तिचे विषय आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०च्या कलम ८१नुसार सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण सी.ए.प्रमाणेच प्रमाणित लेखापरीक्षकही करू शकतात. त्यासाठी पदवी, ही पदविका, ठरावीक अनुभव आणि मराठीचे ज्ञान अपेक्षित असते.

सेवा सहकारी सोसायट्या, पतसंस्था आणि पगारदारांच्या संस्था गावोगावी असलेल्या जिल्ह्यात या पात्रतेला प्रत्यक्ष काम आहे. सी.ए. इंटरमीजिएटपर्यंत अभ्यास केलेल्या पदवीधराला तिचे लेखाविषयक पेपर अनोळखी वाटत नाहीत. सी.ए.ची जागा ती घेऊ शकत नाही. कंपनी वा करलेखापरीक्षण तिच्या कक्षेबाहेर आहे. परंतु घर न सोडता, मराठीच्या बळावर, कायद्याने मान्य असलेले लेखापरीक्षणाचे काम करण्याचा तो एक मार्ग आहे.

निर्णयापूर्वी

घरात चर्चेला बसताना काका, मामा किंवा ओळखीच्या कर सल्लागाराचा अनुभव मोलाचा असतो. परंतु तो कोणत्या योजनेतला आहे, हे पाहावे. गेल्या पाव शतकात सी.ए.च्या पहिल्या दोन टप्प्यांनी पीई-१, पीई-२, सीपीटी, पीसीसी, आयपीसीसी आणि पुन्हा फाउंडेशन-इंटरमीजिएट अशी नावे बदलली. आर्टिकलशिपही तीन वर्षे, साडेतीन वर्षे, पुन्हा तीन आणि आता दोन वर्षे अशी बदलत आली. २००८मध्ये जे खरे होते ते आज खरे असेलच असे नाही. प्रवेशाच्या अटी, सवलती आणि शुल्क यांबाबत संबंधित संस्थेचे अधिकृत संकेतस्थळ आणि तिची शाखा हाच अंतिम आधार. वाशिमच्या विद्यार्थ्याला सी.ए.साठी अकोला व अमरावती येथील शाखा, तर सी.एम.ए. आणि सी.एस.साठी नागपूर येथील चॅप्टर जवळचे आहेत.

कागदाच्या एका बाजूला आतापर्यंत उत्तीर्ण झालेले टप्पे, शिल्लक नोंदणीची मुदत, पदवीची स्थिती आणि दरमहाचा खर्च लिहावा. दुसऱ्या बाजूला नव्या अभ्यासक्रमाचे उरणारे पेपर, प्रशिक्षणाचे महिने, प्रवेशाची अंतिम तारीख आणि पूर्ण झाल्यावर मिळणारा अधिकार लिहावा. सी.एम.ए.च्या परीक्षा वर्षातून दोनदाच, जून व डिसेंबरमध्ये होतात. प्रवेशाची तारीख हुकली तर सहा महिने जातात, हेही त्यात धरावे. दोन्ही बाजूंची वर्षे समोरासमोर मांडली, की बदल हा पुढे नेणारा आहे की केवळ आजच्या निकालापासून दूर नेणारा आहे, हे बऱ्याच अंशी स्पष्ट होते. आणि बदल करायचाच ठरला, तर तो निकालाच्या दिवशी न करता, गुणपत्रिका, आर्टिकलशिपची कागदपत्रे व पदवीचा प्रवेश ही तिन्ही ठीक करून करावा.